सहीच्या आधी भिंग

खाचा दोनशे बत्तीस. भिंगे दोनशे एकोणतीस. त्यांपैकी अकरांच्या कडेला बुरशी. डोळ्यांवर चढवायची चौकट एक, तिचा नाकावरचा स्क्रू सैल. मित्रांनो, आज माझ्यात एवढेच आहे. डोळ्यांचा नंबर काढणारी मी पेटी, आणि आता म्हातारी झाले आहे.

मी नवी होते तेव्हा रत्नागिरीतल्या काही निवृत्त शिक्षकांच्या संस्थेत होते. त्यांच्याकडे फलक नव्हता, पण शिबिर संपले की प्रत्येक भिंग मऊ कापडाने पुसून आपल्या खाचेत जाई. मला वाटे, संस्था म्हणजे असेच असते. ती माणसे थकली आणि मी दुसऱ्या संस्थेकडे गेले. त्यांचा फलक शाळेच्या व्हरांड्याहून लांब होता. नाटे गावाजवळच्या एका मच्छीमार वाडीत त्यांनी नंबर काढले, सह्या घेतल्या, फोटो काढले. चष्मे मात्र कधीच पोहोचले नाहीत. मला त्यांनी गोदामात टाकले. तिथल्या दमट हवेत माझ्या भिंगांना बुरशी धरली, काही हरवली. तेव्हापासून मोठा फलक दिसला की मला शंका येते.

शंका वाडीलाही आली. देवळातल्या बैठकीत ठरले, बाहेरच्यांच्या कागदावर कुणी सही करायची नाही. किनाऱ्यावर कुठल्याशा कंपनीला जागा हवी आहे अशी कुजबुज होती. डोळ्यांसाठी दिलेली सही कुणी जमिनीसाठी वापरली तर?

गेल्या वर्षी तिसऱ्या एका संस्थेने मला गोदामातून बाहेर काढले आणि नेमके त्याच वाडीत नेले. शाळेच्या वर्गात शमिका ही डोळे तपासणारी तरुणी मला उघडून बसली. दाराशी रितेश नावे लिहून घेत होता. बराच वेळ आत कुणी आले नाही. दाराबाहेर मात्र अर्धी वाडी उभी होती.

शेवटी जनी पुढे आली. ती मासे साफ करून विकते. मागच्या वेळी तिचाही नंबर काढला होता.

“मावशी, आधी इथं सही करा,” रितेश म्हणाला. “तपासणीला संमती. नियम आहे.”

“वैनी, करू नको हां!” तिचा दीर विठू बाहेरून ओरडला. “गेल्या टायमाचा चष्मा अजून येतोय. वल्हं मारत निघालाय वाटतं!”

लोक हसले. जनीने कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला.

“मी वाचून दाखवतो ना,” रितेश म्हणाला.

“तू कशाला? चौथी शिकलंय मी. दिसत नाय म्हणून तर आलंय. परवा बांगडा सोडून माझंच बोट कापलंय. आणि तू म्हणतोस, दिसायच्या आधी सही कर?”

“ते राहू दे आत्ता,” शमिका म्हणाली आणि जनीला हात धरून आत घेऊन आली.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्या डोळ्याला तक्त्यावरचे सगळ्यांत वरचे, मोठे अक्षर तेवढे दिसले. मित्रांनो, याला सहा-साठ म्हणतात. निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसते, ते या डोळ्याला सहा मीटरवरूनच दिसते. डावा डोळा बरा होता. जवळचे वाचायला त्याला अडीचचे भिंग हवे होते. माझी अडीचची खाच रिकामी. शमिकाने दीडचे आणि एकचे भिंग एकापुढे एक बसवले. सैल चौकट जनीने एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने कागद उचलला आणि उंबऱ्यात उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. जमिनीबद्दल काही नव्हते. फोटो छापायची परवानगी मात्र होती.

“फोटो कशाला?”

“देणगीदारांना दाखवायला.”

“मग डोळा बरा झाल्यावर काढ. आत्ता ही ओळ खोड.”

रितेशने ओळ खोडली. जनीने सही केली. मग रांग लागली. ज्याला वाचता येत होते त्याने आधी माझी भिंगे चढवली, आपला कागद आपणच वाचला, दुसऱ्यालाही वाचून दाखवला आणि मगच पेन हातात घेतले.

ऑपरेशनसाठी जनीला रत्नागिरीला न्यायला पुढच्या मंगळवारी गाडी येणार होती. “येते काय, बगू,” विठू म्हणाला. माझाही विश्वास नव्हता. गाडी आली. तरी विठू तिच्यासोबत गाडीत चढला.

मित्रांनो, डोळ्यांचा डॉक्टर गावोगावी नसतो, म्हणून अशा संस्था लागतात. पण मदत करणाऱ्यालाही प्रश्न विचारा. तो रागावला, तर आणखी एक विचारा. आणि भिंग वापरून झाले की पुसून खाचेत ठेवा.

ऑपरेशननंतर महिन्याने शमिका आणि रितेश मला घेऊन वाडीत परत आले. शमिकाने सहा मीटरवर तक्ता टांगला आणि जनीचा डावा डोळा झाकला. तिला कुणी अक्षरे सांगू नयेत म्हणून विठू तिच्या शेजारी सगळ्यांवर डोळे वटारून उभा राहिला. जनी एकेक ओळ वाचत खाली आली.

उजवा डोळा, सहा-नऊ.