तुआइवाच्या दगडावरचं माझं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी भाडेकरू आहे. प्रशांत महासागरातल्या मंगाइया बेटाजवळ, भर दुपारीही काळोख असतो इतक्या खोल समुद्रतळावर, एका दगडावर माझं बिऱ्हाड आहे. आम्ही जेलीफिशच्या नात्यातले; शास्त्रज्ञ आमच्या कुळाला रोडालिड म्हणतात. माझा रंग नारिंगी, आकार मोसंब्याएवढा. वर वायूचा फुगा, त्याखाली पोहणाऱ्यांची झालर, आणि खाली तोंडंच तोंडं. मी स्वतःला 'मी' म्हणते, पण आहे हे एकत्र कुटुंब. कुणी खातं, कुणी पोहतं, कुणी लांब धाग्यांनी दगड धरून ठेवतं. एकाने खाल्लं की सगळ्यांचं पोट भरतं. भांडलो तरी वेगळे निघून राहणार कुठे?

लहानपणी मी चिखलावरून भरकटत असे. धरायला काहीच नव्हतं. मग हा दगड सापडला. त्याला कुणाची तरी दोरी घट्ट गुंडाळलेली होती. मी धागे रोवले आणि सुखाने तरंगत राहिले. कुणी कौतुक केलं नाही, कुणी हाकललंही नाही.

एका सकाळी वरून आलेला गळ त्या दोरीत अडकला आणि माझं घरच उचललं गेलं. पाणी कोमट होत गेलं, फुग्यातला वायू बुडबुड करत निसटला. मी फार घाबरले. डोळे दिपवणारा उजेड म्हणतात तो मला डोळे नसतानाही जाणवला.

"नूरोआ, बाजूला सरक! राक्षस मासा येतोय, राक्षस!" तुआइवा नावाचा कोळी ओरडत होता.

होडीत दगड आपटला. त्याची बायको नूरोआ इतकी हसली की होडी डुलायला लागली.

"उद्या नातवाचं जावळ," ती म्हणाली, "पाहुण्यांना हाच वाढ. म्हणावं, सावकाश चावा!"

ही माणसं आमिष पानात बांधून, गळासकट दगडाला दोरी गुंडाळून सोडतात. वरून हिसका दिला की गाठ सुटते, दगड तळाला जातो, गळ मोकळा होतो. माझ्या दगडाची गाठ मात्र सुटलीच नव्हती. नूरोआने ती निरखून पाहिली.

"ओळखलीस? बेटावर अशी गाठ एकच जण मारतो. दोर तुटला तेव्हा काय म्हणाला होतास? शार्कने तोडला!"

तुआइवा ओशाळला. पण होडीतले दगड संपले होते आणि मासा अजून एकही नव्हता. "दगड तरी कामाला येईल," असं पुटपुटत त्याने सुरा काढला. "हे नारिंगी काय ते खरवडून टाकतो."

मी काय करणार? जे येतं ते केलं. त्याच्या बोटाला डसले.

"आई गं!"

"बरं झालं. जिवंत आहे ते, दिसत नाही? घर आहे त्याचं." नूरोआने माझ्यावर समुद्राचं पाणी ओतलं. माझे कितीतरी पोहणारे गळून गेले होते.

"आणि पाहुणे काय खातील? तुझं बोलणं?"

"दगडाची दुसरी बाजू रिकामी आहे ना? आण इकडे. आणि गाठ मी मारणार."

तिने जुनी दोरी कापली. आमिषाची पुरचुंडी खालच्या बाजूला बसवली, दोरी मला चुकवून फिरवली आणि दगड अलगद पाण्यात सोडला. मी खाली चालले होते, पण जीव टांगणीला लागला होता. गाठ सुटली नाही तर मला पुन्हा वर जावं लागणार होतं, आणि ते मला सोसलं नसतं.

हिसका बसला. काहीच झालं नाही. दुसरा बसला, आणि दोरी भराभर उलगडत गेली. पान उघडलं, आमिषाची चिरलेली मासळी आमच्यावरही पडली, आणि दगड चिखलात टेकला. थोड्याच वेळात वर दोर जोरात थरथरला, मासा लागला होता. जावळाचं जेवण झालं असणार, असं मी धरून चालले आहे.

आता नवे पोहणारे उगवले आहेत. दगड दिला म्हणून तुआइवाची मी आभारी आहे, डसल्याबद्दल दिलगीरही आहे. आणि नूरोआचं काय सांगू? मित्रांनो, समुद्रकाठी दगड उचलाल तेव्हा उलटून बघा. कुणी राहत असेल तर त्याला धक्का लावू नका. त्याचं नाव माहीत नसलं तरी चालेल. नूरोआला माझं नाव ठाऊक नव्हतं. मी जिवंत आहे, एवढंच तिला पुरलं.