ठरव म्हणजे जोड नव्हे

आमच्याकडच्या ज्या पोराला सगळे झटपट म्हणायचे, त्याला त्या दिवशीच्या कामातून मिळवायचं होतं ते एवढंच, की बाराच्या ठोक्याला ऑफिसातून सुटका. बहिणीचं घर हलवायचं होतं, टेम्पो ठरला होता. मित्रांनो, कोण कशासाठी घाई करतो ते मला चटकन कळतं. मी एक जुना लोड बॅलन्सर आहे. डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्यांना मागच्या सर्व्हरांकडे वाटून देणं, हे माझं काम.

माझे सर्व्हर दोन झोनमध्ये होते. झोन म्हणजे वेगळी इमारत, वेगळी वीज. एक बंद पडली तर दुसरी आहेच. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या ताईंनी एकेक ओळ लिहून मला हे शिकवलं, तेव्हा माझं कोण कौतुक झालं. पुढे मी बिनतक्रार चालत राहिलो, म्हणून सगळे मला विसरले.

यंदा रुग्ण वाढले. तिसरा झोन जोडायचं काम झटपटकडे आलं. मला हुकूम द्यायचे ते लायब्ररीतून, म्हणजे तयार आज्ञांच्या संचातून.

"अरे, लायब्ररीची माहिती वाचलीस का?" ताईंनी विचारलं.

"त्यात वाचायचंय काय, ताई? 'झोन ठरव' अशी आज्ञा आहे. तिसऱ्याचं नाव दिलं की झालं."

"ठरव म्हणजे जोड नव्हे."

"तुम्ही ना, शब्दांत फार अडकता."

घ्या! ठरव म्हणजे जुनी यादी पुसून नवी लिही. तीन नावं द्यायची, तर पठ्ठ्याने एकच दिलं. मला सांगितलेलं ऐकायची खोड. दोन्ही जुने झोन सोडले आणि सगळी गर्दी तिसऱ्याकडे वळवली. तिथे चाचणीपुरता एकच सर्व्हर होता, तो पाच मिनिटांत आडवा झाला. लायब्ररीने मात्र कळवलं, 'यशस्वी'. तेवढं वाचून झटपटने बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशीच्या डायलिसिसची पाळी वेबसाइटवर दुपारी एकच्या आत पक्की करावी लागते, नाहीतर ती दुसऱ्याला जाते. एक म्हातारे शिंपी अकरा वेळा बटण दाबत राहिले. फोन लावला, तर तो म्हणे वेबसाइटवर करा. ताईंनी तिन्ही नावं लिहून मला ताळ्यावर आणलं तेव्हा सव्वा वाजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीकाका केंद्रात गेले.

"काका, यादीत नाव नाही तुमचं. परवा या," नर्स म्हणाली.

"मी दाबलं होतं हो, बाई."

"इथे दिसत नाही ना, काका."

त्यांची तक्रार माझ्यातूनच पुढे गेली, म्हणून मला ठाऊक. मित्रांनो, कळकळीने सांगतो, नवं लिहिण्याआधी आधीचं काय चाललंय ते वाचत जा. झटपटला समज देणारं पत्र मिळालं, ताईंचं जेवण राहिलं, लायब्ररीला कोणी बोललंसुद्धा नाही. आणि डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साचतं, म्हणून शिंपीकाका दोन दिवस घोट मोजून पाणी प्यायले. सुजलेल्या पायांत चप्पल शिरेना, म्हणून दोन दिवसांनी ते केंद्रात अनवाणीच आले.