हडळीचं मागणं

नळदुर्गात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या शिवलिंगप्पाच्या डोक्यात पिच्चर काढायचं खूळ शिरलं ते शहाऐंशीच्या दुष्काळात. लोकांच्या घशाला कोरड आणि याला भुताचा पिच्चर सुचतोय! भांडकुदळ घरात मेलेली आई हडळ होऊन येते, अशी गोष्ट. घर त्यानं आमच्या गावात शोधलं. मला विचाराल तर तेवढीच एक अक्कल त्यानं दाखवली.

आबाराव आणि श्रीपती या सख्ख्या भावांत दूध सोसायटीच्या निवडणुकीपासून बोलणं बंद होतं. एकाच घरात दोन चुली आणि मधे चुन्याची रेघ. अगदीच काही सांगायचं झालं तर दोघंही दावणीच्या म्हशीला सांगायचे, "सांग गं त्येला, टँकर आलाय." त्यांची आई मुक्ताबाई, माझी लांबची आत्या. पंचांनी तिचीही वाटणी केली होती, सकाळी थोरल्याकडं, संध्याकाळी धाकट्याकडं. मरायच्या आधी घरात एक चूल बघायची, एवढीच तिची आस होती.

शिवलिंगप्पानं भावांना भाऊच केलं, आत्याला हडळ आणि दाढी आहे म्हणून मला देवऋषी. रक्तासाठी त्यानं घागरभर पाणी मागितलं, तेव्हा बायकांनी त्याला असं फैलावर घेतलं की शेवटी कोरडा गुलालच उधळायचं ठरलं. तोही आबारावाच्या निवडणुकीतला उरलेला. तो बघूनच श्रीपती खवळला आणि ते आयतंच कॅमेऱ्यात आलं. हडळीच्या तोंडाला फासायला सोसायटीतली दुधाची पावडर आणली. पण आत्या ओठांभोवतीची पावडर सारखी चाटून टाकायची.

"अवो आत्या, हडळ हाय का मांजर?" शिवलिंगप्पा ओरडायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

शेवटचा प्रसंग चावडीपुढं, सगळ्या गावासमोर होता. आमच्याकडं रीतच आहे, भुताला आधी मागणं विचारायचं, घरच्यांनी चारचौघांत 'दिलं' म्हणायचं आणि एकदा दिलं म्हटलं की चुकवायचं नाही. पिच्चरमधेही तसंच होतं. हडळ रक्त मागणार, भाऊ 'दिलं' म्हणणार. रीळ संपत आलं होतं, पुन्हा घ्यायची सोय नव्हती.

मी लिंबाचा डहाळा आपटून ओरडलो, "बोल! काय पायजे तुला?"

आत्यानं लेकांकडं पाहिलं. "भाकर," ती म्हणाली.

"रगत म्हना, रगत!" शिवलिंगप्पा कॅमेऱ्यामागून कळवळला.

"भाकर पायजे. ह्यो म्हन्तो त्येच्याकडं जेवली, त्यो म्हन्तो ह्येच्याकडं. एकाचं नाव घ्यावं तर दुसरा पेटतो. म्या दोन्ही चुलींम्होरून तशीच उठते. एका चुलीची द्या मला."

ती पावडर का चाटत होती ते मला तेव्हा कळलं. भावांनी मात्र पाठ केल्याप्रमाणे हात जोडले आणि एका सुरात म्हणाले, "दिलं!"

मग दोघांचे चेहरे उतरले. पण सगळ्या गावानं ऐकलं होतं, आता सुटका कुठली? त्याच संध्याकाळी रेघ पुसली गेली. कुणाची चूल ठेवायची यावरून दोघी सुना तासभर कडाकडा भांडल्या, पण भाकरी एकाच तव्यावर पडल्या. भावांचं बोलणं लगेच सुरू झालं असं नाही. जेवताना आबाराव म्हशीकडं बघून म्हणाला, "सांग गं त्येला, आयला अजून येक वाढ."

शिवलिंगप्पानं हार मानली नाही. सोलापूरला जाऊन त्यानं आत्याच्या बोलण्यावर कुण्या नाटकातल्या बाईचा आवाज चढवला. यात्रेच्या तंबूत पिच्चर लागला. मी पडद्यावर गरजलो, "काय पायजे तुला?" आत्याचे ओठ हलले आणि बाई किंचाळली, "रक्त!"

"भाकर!" अख्खा तंबू ओरडला.

पुढच्या रांगेत बसलेले दोघं भाऊ ताडकन उठले आणि हात जोडून म्हणाले, "दिलं!"

भ्यालं कुणीच नाही. दोघांच्या मधे बसलेली आत्या तर पडद्याकडं बघतही नव्हती. घरून बांधून आणलेली भाकर ती सावकाश खात होती.