डाव्या अंगाचा चेंडू

कऱ्हाटीच्या सावळारामनं अमेरिका पाहिली, पण त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, त्याला अजून धड पाहिलं नव्हतं! लग्नाला सहा वर्षं झालेली, नवरा पलटणीत, आणि तिथूनही हाकी खेळायला सातासमुद्रापार. आता थोडी रजा काढून आला होता. पुढं कलकत्त्याला खेळाडू निवडणार होते, ह्याला निवडलं की पुन्हा बोटीत, आता जर्मनीला. बनाला रागही यायचा आणि नवलही वाटायचं. असं काय असतं बाई त्या दांडक्यात?

"अवं, मला बी शिकवा की," एकदा तिनं धीर केला.

"तुला?"

"का? मला काय हात न्हाईत?"

सावळारामनं बाभळीचा वाकडा फाटा तासून दिला. ज्वारीची मळणी लांब होती, पण खळं सारवून सपाट करून ठेवलं होतं. बनानं पदर खोचला. सासू गोजरबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! आता दोघं बी पलटणीत जावा!"

आधी बनाला चेंडू सापडेना. मग हळूहळू सापडायला लागला. पण प्रश्न काही संपेनात. दांडक्याची एकच बाजू का लावायची? गोरी माणसं हरल्यावर रडत्यात का? बोटीवर भाकरी कोण थापतं? तो सांगायचा, आणि सांगताना त्याचं तोंड असं फुलायचं की बनाला वाटे, आपला नवरा आपल्याला आत्ता कुठं भेटतोय.

आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं. मळणीचा बैल खांबाभोवती एकाच अंगानं फिरतो, तसा हा गडी उजवीकडंच वळत होता. डावीकडचा चेंडू हसून सोडायचा आणि वर म्हणायचा, "जा, तुला दिला."

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम त्याच्या डावीकडं फटका हाणला. "आज सोडायचा न्हाय!"

तो झटक्यात वळला आणि गुडघा धरून धाडकन पडला.

बना धावली. "कवापासनं हाय ह्ये?"

"दिवाळीच्या सामन्यापासनं. कुणाला म्हाईत न्हाय. तू बी बोलू नगंस. कलकत्त्याला कसंबी निभावतो."

बना त्याच्याजवळ खळ्यातच बसली. तो गेला नाही तर घरी राहणार होता. देवाकडं तिनं दुसरं मागितलं तरी काय होतं? पण आनंद कसला होतोय, तिला नुसतं रडू येत होतं.

"अवं, मला अजून दांडकं नीट धरता येत न्हाय," ती हळूच म्हणाली. "तरी मला कळलं. मग तिकडं निवडणाऱ्यांस्नी कळायला किती येळ लागंल?"

सावळाराम गुडघा चोळत राहिला. चोळता चोळता त्याचा हात थांबला.

"पयल्या डावातच कळंल," तो म्हणाला. "पलटणीच्या साहेबाला सांगतो, मी खेळत न्हाय म्हणून."

समोरून आई येत होती. तरी तो बनाच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला, आणि बनानं सासूच्या देखत त्याला घट्ट धरून ठेवलं.