कोशात नसलेला शब्द

छापील अक्षरावर तात्यासाहेबांचा फार विश्वास. औषधावर 'नीट हलवून घ्यावे' असं लिहिलेलं असलं, की ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर बाटली हलवत. कन्नड गावातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून ते सिडकोतल्या घरी राहायला आले, आणि गेली सहा वर्षं मराठवाडी बोलीचा कोश कॉम्प्युटरवर उतरवत बसले होते. चार हजार तीनशे अकरा शब्द झाले होते. शब्दांच्या चिठ्ठ्या भरलेली दोन पोती त्यांनी स्वतःच रद्दीवाल्याला देऊन टाकली होती. "आता सगळं कॉम्प्युटरात आहे," असं म्हणून.

सोमवारी कोश प्रकाशकाकडे पोचवायचा होता. तेवढ्यात महिनाभरापूर्वी पाठवलेली कच्ची प्रत बघून प्रकाशकाचा निरोप आला, "सर, तुमचा फाँट जुना आहे. युनिकोड करून द्या." तात्यासाहेबांनी फाँट बदलणारा कन्व्हर्टर शोधला. एका साइटवर तो फुकट मिळाला. खाली सूचना होती, 'कृपया आधी अँटीव्हायरस बंद करावा.' इतक्या अदबीनं, एकही चूक न करता कुणी मराठी लिहिलेलं बघून त्यांचं मन भरून आलं. असा माणूस फसवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी अँटीव्हायरस बंद केला.

कन्व्हर्टरनं काम चोख केलं. पण शुक्रवारी सकाळी ते फाइल तपासत असताना माउसचा बाण आपोआप सरकला.

तात्यासाहेबांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता. तरी त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं असेल. बाणानं एक फोल्डर उघडला, मिटला, दुसरा उघडला. स्क्रीनच्या वर कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागला. तात्यासाहेबांनी घाईघाईनं बनियनवर शर्ट चढवला, केसांवरून हात फिरवला आणि एका कोऱ्या पानावर टाइप केलं, 'आपण कोण? काही हवे असल्यास कृपया सांगावे.'

बाण थांबला. दिवा विझला.

"अगं, कुणीतरी आलंय," त्यांनी हाक मारली.

"चहा टाकू का?" स्वयंपाकघरातून सत्यभामाबाईंनी विचारलं. "कुठं बसवलंय?"

"कॉम्प्युटरात."

सत्यभामाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. बाण पुन्हा फिरायला लागला होता. त्यांनी स्क्रीनवरचा मजकूर वाचला. "आन् तुम्ही ह्याला कृपया म्हणताय? न इचारता घरात शिरनारं इपितर हाय हे! थांबा, सुलेखाला बोलावते."

सुलेखा दोन घरं सोडून राहायची. टी. व्ही. सेंटर चौकात तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं येताच चप्पल काढायच्या आधी इंटरनेटची वायर उपटली.

"काका, आधी ह्याचं बाहेरचं बोलणं बंद. मग बघू. काय टाकलं होतं ह्याच्यात?"

तात्यासाहेबांनी सगळं सांगितलं. अँटीव्हायरसचं सांगताना आवाज बारीक झाला.

"कन्व्हर्टर खरा होता," ती म्हणाली. "पण त्याच्या आडून दुसरा प्रोग्राम आत शिरला. मशीन सुरू झालं, की तो गुपचूप आपल्या मालकाला कळवतो, या, मागचं दार उघडं आहे. मग मालक कुठल्या तरी गावात बसून तुमच्या फाइली चाळतो. तुम्ही काय टाइप करता, तेसुद्धा बघतो."

"आपल्या या जुन्या शहराच्या तटाला बावन्न दरवाजे," तात्यासाहेब खिन्नपणे म्हणाले. "त्रेपन्नावा मी काढला."

"आन् पहारेकऱ्याला सुट्टी पन तुम्हीच दिली," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"बँकेचा पासवर्ड कुठं ठेवलाय, काका?"

तात्यासाहेबांनी स्क्रीनवरच्या एका फाइलकडे बोट दाखवलं. तिचं नाव होतं 'पासवर्ड'.

सुलेखानं कपाळाला हात लावला. "काकू, तुमचा मोबाइल द्या. आधी बँकेला कळवू. पासवर्ड पण सगळे मोबाइलवरूनच बदलू, ह्या मशीनला हात लावायचा नाही."

ते उरकल्यावर तिनं स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. आतलं विंडोज झोपूनच राहिलं, म्हणून पाहुणाही झोपून राहिला. तासाभराच्या स्कॅनमध्ये तो सापडला. प्रिंटरचं नाव लावून बसला होता. शिवाय तात्यासाहेबांनी कधीच न उघडलेलं, मशीनवर लॉगिन करायचं एक खातंही निघालं. सुलेखानं दोन्ही उडवली.

"झालं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"कसलं झालं? आणखी काय लपवून गेलाय, कुणाला माहीत? सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. बॅकअप आहे ना?"

"आहे तर!" त्यांनी मशीनच्या पाठीमागे सहा वर्षं खोचून ठेवलेला पेन ड्राइव्ह दाखवला. सुलेखाचा चेहरा बघून त्यांना उत्तर कळलं. पाहुण्याचा हात तिथंपर्यंतही पोचत होता.

"प्रोग्राम एकही घेणार नाही. फक्त लिखाण, तेही तपासून," ती म्हणाली आणि कोश नव्या पेन ड्राइव्हवर चढवायला लागली. हिरवी पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर अडली. तात्यासाहेबांचे ओठ हलत होते. ते बहुतेक शब्द आठवून बघत होते. सत्यभामाबाईंनी त्यांचं कोपर धरलं. पट्टी भरली.

सुलेखाच्या लॅपटॉपवर कोश उघडला. चार हजार तीनशे अकरा.

तरी तात्यासाहेबांना चैन पडेना. "त्यानं एखाद्या शब्दाचा अर्थ बदलला असेल तर?"

मग सुलेखानं पुसून नव्यानं उभ्या केलेल्या मशीनवर शनिवार-रविवार नवरा-बायको कोश वाचत बसले. तेवीस चुका सापडल्या. महिनाभरापूर्वी प्रकाशकाला पाठवलेल्या त्या कच्च्या प्रतीशी सुलेखानं पडताळून पाहिलं. तेवीसही तिथं होत्याच.

"म्हंजे चोरानं एक बी चूक केली नाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सगळ्या घरच्याच. उगं त्या इपितराला बोल लावला."

"काय म्हणालीस? कुणाला?"

"इपितराला."

तात्यासाहेबांनी कोश धुंडाळला. दोनदा. मग चष्मा पुसून त्यांनी टाइप केलं, 'इपितर: खोडसाळ, उपद्रवी माणूस. उदा. न इचारता घरात शिरनारं इपितर.'

चार हजार तीनशे बारा. सोमवारी कोश प्रकाशकाकडे गेला.