आत्याचं गाठोडं

गरिकाईने हनेकेबाईंच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला होता, पण डोळे तंबूंच्या पलीकडे लागले होते. शेवटच्या तंबूपासून वीसेक पावलांवर तुटक्या उभा होता. सोंड वर करून सकाळची हवा हुंगत होता. त्याचा डावा सुळा अर्ध्यातच मोडलेला होता, म्हणून नदीकाठचे सगळे त्याला तुटक्या म्हणत.

"माझ्याकडे काही नाही," हनेकेबाई हळूच म्हणाल्या. "तीनदा सांगितलं मी तुम्हाला."

गरिकाईच्या बोटांना काहीतरी गोल, थंड लागलं. त्याने ते बाहेर काढलं. साबणाची वडी होती, पिवळी.

"हे काय?"

"साबण."

"लिंबाच्या वासाचा."

"हो. पण तो मी खात नाही, गरिकाई."

चुलीमागे दाटीने उभ्या असलेल्या पाच पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. हनेकेबाई सत्तरीच्या होत्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या. पोरांसमोर जिचं दप्तर तपासलं जातंय अशा मुलीसारख्या त्या कानांपर्यंत लाल झाल्या. गरिकाईने साबण त्यांच्या हातात दिला आणि पिशवी बंद केली. ती नीट बंद झाली नाही.

झांबेझी नदीकाठच्या या तळाला कुंपण नव्हतं. अभयारण्याच्या फाटकापाशीच, ट्रक चालवणाऱ्या गरिकाईने सगळ्यांना खाली उतरवून बजावलं होतं, की संत्रं नको, मोसंबी नको, लिंबू नको, सालसुद्धा नको. दुष्काळाच्या साली कुणी हौशी माणसांनी गाडीतून संत्री फेकली होती आणि हत्तींना ती चव लागली होती. लागलेली चव हत्ती विसरत नाही. "बावीस वर्षं झाली," तो म्हणाला होता, "माझ्या ट्रकमधून इथे एक बीसुद्धा पडलेली नाही." हे वाक्य तो प्रत्येक खेपेला म्हणायचा. सेकाई त्याच्या पाठीमागे उभी राहून ओठ हलवत ते त्याच्याबरोबर म्हणायची.

सेकाई स्वयंपाकीण. सोळा वर्षं याच ट्रकवर होती. आता ती धुतलेल्या ताटल्या वाळवायला हवेत झुलवत होती. ती मध्येच थांबली.

"समन्यांगा," तिने हाक मारली. हत्ती ज्यांचं देवक, त्यांना याच नावाने हाक मारायची रीत होती. "तुमचा भाऊबंद निघाला बघा. न्याहारीला तुम्ही बोलावलंत की तो आपणहून येतोय?"

एरवी गरिकाईने तिला परत टोला दिला असता. आज त्याने फक्त हात वर केला. "कुणी हलायचं नाही. बोलायचं नाही."

तुटक्या तंबूंच्या रांगेत शिरला. दोरांना धक्का न लावता, भरल्या घरातून वाट काढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, तो एकेक तंबू मागे टाकत आला. हनेकेबाईंच्या तंबूपाशी क्षणभरही थांबला नाही. सामानाच्या पेट्यांवरून सोंड फिरवली, पुढे गेला. चुलीकडे पाहिलंही नाही. ट्रकला वळसा घालून तो पुढच्या अंगाला गेला आणि ड्रायव्हरच्या दारापाशी उभा राहिला.

गरिकाईला सीटमागचं गाठोडं आठवलं.

काल दुपारी आत्याच्या गावावरून येताना त्याने ट्रक थांबवला होता. दर खेपेला थांबवायचा. आत्या रस्त्यापर्यंत चालत आली होती, डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. त्याने रीतीप्रमाणे गुडघे वाकवले, दोनदा टाळी वाजवली आणि दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं. देणाऱ्यासमोर ते सोडून बघायचं नसतं. इतका निर्लज्ज तो नव्हता. दरवर्षी भुईमुगाच्या शेंगा असतात, यंदाही शेंगाच असणार, असं समजून त्याने ते सीटमागे ठेवलं. ट्रक घरघरत होता आणि आत्या खालून काहीतरी ओरडून सांगत होती. "यंदा पहिल्यांदाच धरलंय रे झाड!" त्याने मान डोलावली होती. पुढे टायर फुटलं, आणि गाठोडं डोक्यातून गेलं.

झाड, ती म्हणाली होती. शेंगांना कुणी झाड म्हणत नाही.

काच फुटल्याचा आवाज फारसा मोठा नव्हता. पाहुण्यांपैकी कुणीतरी तोंडावर हात दाबला. दाराचा पत्रा आत वाकला, ट्रक एकदा चाकांवर हलला आणि सोंड बाहेर आली ती फडक्याचं गाठोडं घेऊन. तुटक्याने ते खाली टाकलं, पुढच्या पायाने अलगद दाबलं. चिकट, गोड, आंबूस वास सगळ्या तळावर पसरला. त्याने संत्री खाल्ली, फुटलेली साल वेचून खाल्ली आणि शेवटी फडकंही तोंडात घातलं. मग जणू काही झालंच नाही असा नदीकडे चालता झाला.

सेकाईने गरिकाईकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली. तिला कळलं.

आवाज ऐकून मुरांबिवा धावतच आला. वरच्या वळणावरच्या चौकीचा वनरक्षक तो, चाळिशीचा, गरिकाईपेक्षा बराच लहान. खांद्यावरची बंदूक हातात आली होती. त्याने पाहुणे मोजले, सगळे धड आहेत हे पाहिलं, मग फुटलेल्या काचेपाशी गेला.

"तुटक्या?"

"तुटक्या," सेकाई म्हणाली.

मुरांबिवाने जमीन पाहिली. ओला डाग होता, त्यावर मोठं पाऊल उमटलेलं. बाकी काही नाही.

"समन्यांगा, एकच विचारतो," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात त्याने एक गाडी फोडली. मालकाने शपथेवर सांगितलं, आत काही नव्हतं. आता ही दुसरी. आत खायचं होतं, तर चूक गाडीवाल्याची. लायसन्स जातं, हत्ती राहतो. काही नव्हतं, तर तो उगाच गाड्या फोडायला लागलाय. अशा हत्तीला गोळी घालायचा मला वरून कागद आलाय." त्याने बंदुकीकडे पाहिलं नाही. "आत्ता पाण्यात असेल. लांब जावं लागणार नाही."

बोलणं त्यांच्या भाषेत चाललं होतं. पाहुण्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"शेंगदाणासुद्धा नव्हता आत," सेकाई पटकन म्हणाली. "बावीस वर्षांत कधी बी पडली नाही यांच्या गाडीतून. कुणालाही विचार."

"तुला नाही विचारलं, ताई."

शर्टाच्या खिशातलं लायसन्स गरिकाईने वरूनच चाचपलं. गेल्या महिन्यात शपथ घेणारा तो माणूसही असाच उभा राहिला असेल, असं त्याच्या मनात आलं. नदीकडून पाणी फवारल्याचा आवाज आला. हनेकेबाई अजून तिथेच उभ्या होत्या. साबण हातातच होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

गरिकाई ट्रककडे गेला. वाकलेलं दार दोनदा ओढल्यावर उघडलं, काचांचा चुरा त्याच्या पायांवर सांडला. सीटमागे काही नव्हतं. सीटखाली त्याने हात घातला, तिथेही नव्हतं. मग तो ओणवा झाला आणि क्लचच्या मागे, कोपऱ्यात, बोटांनी चाचपडत राहिला.

"राहू द्या ना," सेकाई त्याच्या पाठीशी येऊन पुटपुटली. "समन्यांगा, पाया पडते तुमच्या. राहू द्या."

तो उठला. हातात एक संत्रं होतं. लहान होतं, एका बाजूने अजून हिरवं. पहिल्या बहराचं फळ असतं तसं.

त्याने ते पँटला पुसलं. वाटेत हनेकेबाईंसमोर थांबला. त्याने नुसतं संत्रं त्यांना दिसेल असं धरलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी साबण खिशात टाकला.

"आत्याने दिलं होतं," तो मुरांबिवाला म्हणाला. "गाठोडंभर होती. मी सोडून बघितलं नव्हतं."

त्याने गुडघे किंचित वाकवले आणि दोन्ही हातांवर संत्रं ठेवून पुढे केलं.

मुरांबिवाने संत्र्याकडे पाहिलं, मग नदीकडे. त्याचा उजवा हात बंदुकीच्या दस्त्यावर होता. डावा हात अर्धवट पुढे आला आणि थांबला. थोरांनी दिलेलं एका हाताने घ्यायला त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

त्याने बंदूक ट्रकच्या चाकाला टेकवून ठेवली, सावकाश दोनदा टाळी वाजवली आणि ओंजळ पुढे केली.