शिंप्याकडची भांडणं

डॉक्टरांनी पाठ ठोकून, छातीचे फोटो उजेडाला धरून ‘आता तुम्ही ठणठणीत’ असं सांगितलं, त्या दिवशी फ्रेमवाला घरी आला तो एकच गोष्ट मनात घेऊन. त्याने अंघोळ केली आणि ओला टॉवेल मुद्दाम बायकोच्या उशीवर टाकला. मग खुर्चीत बसून तो वाट बघू लागला.

बायको आली. तिने टॉवेल उचलला, उशीचा अभ्रा बदलला आणि म्हणाली, “दमलात का? पडा जरा.” फ्रेमवाल्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

कारण या दोघांची भांडणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. ती सुरू झाली की शेजारी रेडिओ बारीक करायचे. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात पडद्यांच्या रंगावरून जी जुंपली, ती पुढे विषय बदलत गेली, पण थांबली कधी नाही. ती रागावली की कमरेवर हात ठेवून त्याला ‘महाशय’ म्हणायची, आणि तो शब्द कानावर पडला की याच्याही अंगात वीरश्री संचारायची. मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. तीन वर्षं अंथरूण, हॉस्पिटल, पुन्हा अंथरूण, पुन्हा हॉस्पिटल. ‘यांना मनस्ताप होईल असं काही करू नका,’ असं डॉक्टर एकदा बोलून गेले आणि घरादाराने ते कायद्यासारखं पाळलं.

आजारपणात त्याला ते गोडही लागलं, खोटं कशाला बोला. तो म्हणाला उद्या थंडी पडणार, तर सगळ्यांनी स्वेटर काढले. तो म्हणाला बातम्या देणाऱ्या माणसाला काही कळत नाही, तर घरात कुणालाच त्या माणसाबद्दल कधी आदर नव्हता असं निघालं. पडल्यापडल्या तो इतका शहाणा झाला की त्याचं एकही मत चुकेना. आता आजार गेला, पण आजारी माणूस घरातच राहिला. तो याच्या खुर्चीत बसायचा, याच्या ताटात जेवायचा, आणि फ्रेमवाल्याला त्याचा मनापासून वीट आला होता.

त्याच्या फोटोफ्रेमच्या दुकानातही तीच तऱ्हा. त्याच्या मागे धाकट्या भावाने दुकान सांभाळलं होतं, आणि चांगलं सांभाळलं होतं. फ्रेमच्या पट्ट्या कोपऱ्यात तिरक्या कापून जोडाव्या लागतात; केसभर फट राहिली तरी सगळी फ्रेम वाकडी दिसते. फ्रेमवाल्याच्या हाताची सवय इतक्या दिवसांत मोडली होती. पहिल्याच फ्रेमच्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट राहिली.

“वा दादा,” भाऊ म्हणाला, “हात अजून तसाच आहे.”

“अरे, वाकडी झालीये ती.”

“तुला वाकडी वाटते ना, मग वाकडी.”

पूर्वी याच भावाने त्याला हातोडी फेकून मारायची धमकी दिली होती. फोटो न्यायला एक बाई आल्या. त्यांनी फ्रेम बघून कपाळाला आठ्या घातल्या, तोच भाऊ त्यांच्या कानाशी लागला. बाईंच्या आठ्या विरघळल्या. “फारच सुरेख,” त्या म्हणाल्या, आणि तब्येतीला जपा असं सांगून नातवाचा कलंडलेला फोटो घेऊन गेल्या.

फ्रेमवाला दिवसभर विचार करत बसला. आपण आधी कसे होतो? तापट होतो, हे नक्की. हेकट? बहुतेक. पण त्यापलीकडे काही आठवेना. समोरून कुणी अडवलंच नाही, तर आपण कुठवर आहोत हे माणसाला कळायचं कसं?

त्यातच त्याच्या लक्षात आलं की बायको शिंप्याकडे फार वेळा जाते. कपाटात नवा कपडा काही दिसत नव्हता. जाताना ती गप्पगप्प असायची, आणि येताना गालांवर लाली, ओठांवर गुणगुण. फ्रेमवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शिंपी विधुर होता. टकला होता, पोट सुटलेला होता, पण त्याची दोन्ही फुप्फुसं धडधाकट होती.

एके दिवशी तो तिच्या मागोमाग निघाला आणि शिंप्याच्या दारात टांगलेल्या कोटांच्या आड उभा राहिला.

“ही बाही आहे?” आतून बायकोचा आवाज आला.

“तुम्ही सांगितली तशीच शिवलीये,” शिंपी म्हणाला.

“मी मनगटापर्यंत सांगितली होती. ही कोपराशीच दमली. तो टेप मापं घ्यायला आहे की गळ्यात मिरवायला?”

“मापं घेताना तुम्ही हलता, त्याला मी काय करणार?”

“म्हणजे चूक माझी. तो चष्मा पुसा एकदा, लग्नापासून पुसलेला दिसत नाही. आता गप्प का? बोला की, महाशय.”

फ्रेमवाल्याच्या काळजात कळ आली. महाशय. घरातला, आपला, कमावलेला शब्द तिने परक्या माणसाला देऊन टाकला होता. त्याने कोट जरासा बाजूला केला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, केसांची बट कपाळावर आली होती, डोळे चमकत होते. ती फार सुंदर दिसत होती. चार हातांवर ती उभी असताना त्याला तिची भयंकर आठवण येत होती.

ती समाधानाने निघून गेली, तसा तो आत शिरला.

“या,” शिंपी म्हणाला. “कधीतरी याल असं वाटलंच होतं.”

“हे कधीपासून चाललंय?”

“तुम्हाला दुसऱ्यांदा हॉस्पिटलात ठेवलं तेव्हापासून. एक टाका उसवला म्हणून वहिनी आल्या होत्या. मला नाही नाही ते बोलल्या. जाताना म्हणाल्या, बरं वाटलं. मग मीच म्हटलं, येत जा. तेव्हापासून काहीतरी मुद्दाम बिघडवून ठेवतो.” त्याने टेप गुंडाळला. “पण आता तुम्ही बरे झालात ना? मग तुमचं काम तुम्ही करा. मी किती दिवस बदलीवर राबायचं? मलाही रक्तदाब आहे.”

घरी आल्यावर बायकोने चहा दिला. फ्रेमवाल्याने कप हातात घेतला आणि म्हणाला, “मला सगळं कळलंय. तू शिंप्याकडे जातेस. भांडायला.”

ती पांढरीफटक पडली आणि खाली बसली.

“त्याला महाशय म्हणालीस.”

“तोंडातून गेलं.”

“मी घरात धडधाकट असताना?”

“तुमच्याशी कशी भांडू?” ती हळू म्हणाली. “एक शब्द वर गेला आणि तुमचा श्वास अडकला म्हणजे? अजूनही तुम्ही झोपलात की नाकापाशी हात धरून बघते मी.”

“मी बरा झालोय.”

“असं डॉक्टर म्हणतात.”

फ्रेमवाल्याला एकदम भरून आलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तसं केलं तर ती आपल्याला थोपटणार, पांघरूण घालणार, आणि तो आजारी माणूस पुन्हा खुर्चीत येऊन बसणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने मन घट्ट केलं.

“म्हणजे तुला मी आजारीच बरा होतो,” तो म्हणाला. “अंथरुणात पडलेला, हाताशी.”

ती उभी राहिली. “काय म्हणालात?”

“ऐकलंस ते.”

“आजारी बरा? तीन वर्षं तुमची औषधं कुणी काढून दिली? तुम्हाला कूस कुणी बदलून दिली? पंखा डावीकडूनच वारा देतो म्हणून कितीदा पलंग हलवायला लावलात. पंखा गोल फिरतो हो, सगळीकडे सारखाच देतो. आणि ते सूप खारट नव्हतं, एकदाही नव्हतं. मी गपचूप तेच वाटी बदलून आणायचे, तर म्हणायचात, आता जमलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, यांचं कसं आहे? माझं कसं आहे ते विचारलं कुणी? तुम्ही विचारलंत?”

नव्हतं विचारलं. एकदाही नव्हतं, आणि हे त्याच्या आता लक्षात येत होतं. पण ते मान्य करायला जीभ वळेना. “सूप खारटच होतं,” तो म्हणाला. जुना हेकटपणा अगदी जागच्या जागी होता. पुढचं उत्तर तयार ठेवून त्याने घाईघाईने चहाचा घोट घेतला, आणि त्याला जोरात ठसका लागला.

चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकोचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तो हाताने ‘काही नाही, काही नाही’ करत होता, पण बोलता येत नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावर तीन वर्षांची ती काळजी भराभर परत येताना त्याला दिसत होती. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

तिने पाणी आणलं. ग्लास त्याच्या हातात दिला, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि ठसका जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने ग्लास काढून घेतला.

“गेला?”

त्याने मान हलवली.

“नक्की?”

त्याने पुन्हा मान हलवली.

“मग ऐका,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तिने तो खाली आणला नाही. “सूप खारट नव्हतं.”